टुलॉक वकिलांच्या कपाटातला कोट

आमच्या क्रॅब रिव्हर गावात कुणाचं माणूस पोलिसांच्या गोळीने, नाहीतर कोठडीत, नाहीतर हॉस्पिटलात जाऊ नये तसं गेलं, की रडारड ओसरल्यावर शेजारपाजारचं कुणीतरी हमखास सांगतं, टुलॉककडे जा. मग ती माणसं आमच्या ऑफिसचा लाकडी जिना चढतात. जिन्याची चौथी पायरी हलते. मी बावीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय की सुतार बोलवा. वकीलसाहेब म्हणतात, बघू या, मर्टल. पायरी अजून तशीच आहे आणि आता त्या पायरीवर साहेबांचाच गुडघा दगा देतो.

मी मर्टल, त्यांची कारकून. दार उघडणं, टायपिंग, तारखा, साहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं माझ्याच गळ्यात. लिओपोल्ड टुलॉक हे काही मोठं नाव नाही. राजधानीतल्या, किंग्स्टनच्या वकिलांना विचाराल तर ते भुवया वर करतील. उंच, वाकलेला माणूस, एकच काळा कोट, एकच छत्री. दुपारी दोनला खुर्चीत डोळा लागतो आणि अडीचला "मी झोपलो नव्हतो" म्हणत जाग येते. बायको मुलीबरोबर टोरांटोला गेली त्याला चौदा वर्षं झाली. दर रविवारी तिचा फोन येतो, की आता तिथे तुमचं काय राहिलंय, या इकडे. साहेबांचं उत्तर ठरलेलं, एवढं एक प्रकरण उरकलं की येतो. ती बिचारी आता हसतसुद्धा नाही.

ही प्रकरणं म्हणजे कॉरोनरच्या कोर्टातली. मेलेला माणूस कसा मेला, एवढंच ठरवायला हे कोर्ट बसतं. समोर पाच ज्युरी, गावातलेच. आरोपी कुणी नसतो, म्हणून सगळे म्हणतात की इथे भांडणच नाही, तर घरच्यांना वकील कशाला? आणि असं म्हणता म्हणता पोलिसांच्या बाजूने किंग्स्टनहून सरकारी वकील कडक इस्त्रीचा सूट घालून गाडीतून उतरतो. आईच्या बाजूने कोण, तर आईच.

साहेब तरुणपणी एका जमिनीच्या दाव्यासाठी, तेही कोर्ट त्याच खोलीत भरायचं, तिथे आपला नंबर यायची वाट बघत बसले होते. तेव्हा कोठडीत मेलेल्या एका पोराच्या आईला कॉरोनरनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? ती उठली आणि म्हणाली, त्याला शेवटी पाणी दिलं होतं का? कॉरोनर म्हणाले, हा प्रश्न गैरलागू आहे, खाली बसा. ती बसली. जमिनीचा दावा साहेब जिंकले की हरले ते त्यांना आता आठवतही नाही, पण ती बाई आठवते.

तेव्हापासून त्यांची एक रीत आहे. माणसं आली की कागदपत्रं नंतर, आधी विचारायचं, तुम्हाला एकच प्रश्न विचारता आला तर कुठला विचाराल? जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहायचं आणि शर्टाच्या खिशात ठेवायचं. बाकी हजार गोष्टी कोर्टात होवोत, तो प्रश्न विचारल्याशिवाय ते खाली बसत नाहीत. निकाल लागला की चिठ्ठी फाडून टाकतात. घामाने चिठ्ठी विरली तर नवी करून देणं माझं काम.

मिस इना ग्रँडिसनची चिठ्ठी मी अकरा वेळा नवी केली.

मिस इनाचा नवरा, मास हेझेकाया, आजारपणात गेला. आमच्याकडे मोठ्या माणसांना मिस आणि मास लावूनच हाक मारतात. शनिवारी त्याला पुरलं. चर्चमधून सगळे घरी परतत होते आणि मुलगा ग्लेनरॉय एकटाच नदीच्या पुलावरून चालत निघाला. सव्वीस वर्षांचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पोलीस त्या दिवशी कुठल्यातरी दरोडेखोराच्या मागावर होते. कॉन्स्टेबल बेकफर्डने त्याला हटकलं आणि दोन गोळ्या घातल्या. पोलिसांचं म्हणणं असं की ग्लेनरॉयने चाकू काढून अंगावर चाल केली. एक घडीचा चाकू त्याच्याजवळ पडलेला त्यांनी दाखवलाही. बापाला पुरल्यावर आठ दिवसांत मुलालाही त्याच चर्चमधून न्यावं लागलं.

बाई आली तेव्हा रडत नव्हती. मांडीवर बायबल घट्ट धरून बसली होती. साहेबांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "त्याच्या हातात काय होतं, तेवढं विचारा. चाकू नव्हता. पण ते म्हणतात हातात काहीतरी होतं. मग काय होतं?"

साहेबांनी लिहून घेतलं. सरकारी कागदावर तिचा मुलगा चाकू उगारणारा म्हणून लिहिला गेला होता, आणि तिला ते खोडून हवं होतं. दुसरं काही ती मागत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात तिची नणंद आंटी सिल्वी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोट घेऊन आली. अंगावरच्या कपड्यांपैकी पोलिसांनी शर्ट ठेवून घेतला होता, कोट हॉस्पिटलने घरच्यांना परत दिला होता. साहेबांनी उलटून पाहिला. अस्तर फाडून आतून दोन्ही खिशांच्या पिशव्या कापून काढलेल्या होत्या, आणि वरून खिशांची तोंडं शिवलेली होती. साहेबांनी तो तसाच माझ्याकडे दिला. विचारायचं काय त्यात? मेलेल्याच्या कपड्याला आमच्याकडे खिसा ठेवत नाहीत. ठेवला तर तो खिशात दगड भरून घेतो आणि रात्री घरावर मारतो. कुणी तोंड शिवतं, कुणी पिशवी कापतं, आणि सिल्वीसारखी पक्की बाई असेल तर दोन्ही करते. मी माझ्या बापाच्या सगळ्या पँटींचे खिसे स्वतः कापलेत. कोटाची घडी घालून मी तो कपाटात ठेवला, जुन्या फायलींच्या खाली.

तिथे तो सहा वर्षं राहिला.

सहा वर्षं कशी गेली ते विचारू नका, डोकं फिरतं माझं. एकदा ज्युरी पाचाऐवजी तीनच आले, तारीख पडली. एकदा कॉरोनर आजारी. एकदा कोर्टाचं छप्पर गळालं आणि फायली वाळत घातल्या होत्या. एकदा बेकफर्ड रजेवर, एकदा त्याचा वकील परदेशात. मिस इना दर वेळी काळी टोपी घालून, बायबल घेऊन पुढच्या बाकावर बसायची आणि तारीख पडली की साहेबांना म्हणायची, काही हरकत नाही वकीलसाहेब, तुम्ही जेवून घ्या. मला तर वाटायचं एकदा तिने किंचाळावं. तिने नाही तर मी.

शेवटी गेल्या मार्चमध्ये कोर्ट बसलं. नव्या कॉरोनर मॅडम कडक होत्या, म्हणाल्या आता तारीख नाही. पहिला दिवस डॉक्टर आणि शवागाराचा माणूस यांच्यात गेला. दुसऱ्या दिवशी बेकफर्ड पिंजऱ्यात उभा राहिला. पोलिसांचा वकील फेनविक, नुकतीच दाढी केलेला, गुळगुळीत. त्याने बेकफर्डकडून सगळं पाठ केल्यासारखं वदवून घेतलं आणि बसला.

साहेब उठले. गुडघा दुखत होता, टेबल धरून उठले. त्यांनी बेकफर्डला काही मोठं विचारलं नाही. कुठल्या हाताने चाकू काढला? उजव्या. कुठून काढला? कोटातून. कोटातून म्हणजे कुठून? उजव्या बाजूच्या खिशातून. तुम्ही पाहिलंत? माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हात खिशात घातला आणि चाकू बाहेर काढला. बेकफर्डच्या आधीच्या जबाबात नुसतंच "चाकू काढला" होतं. खिसा त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. साहेबांना फक्त एवढंच हवं होतं, की चाकूएवढी वस्तू त्या खिशात मावली असती का ते मापावरून बघू. त्यांनी मला खूण केली आणि मी पिशवीतून कोट काढून दिला.

फेनविकने कोट हातात घेतला, अस्तर उलटं केलं आणि त्याला हसूच फुटलं. ज्युरीकडे वळून म्हणाला, बघा, ज्या खिशात चाकू होता तो खिसाच घरच्यांनी कापून टाकलाय, आणि आता आम्हाला विचारतायत की चाकू मावतो का. पुरावा नष्ट करणं म्हणतात याला.   एका गावात वाढलेली आम्ही दोन माणसं, सहा वर्षं कोट कपाटात, आणि बाहेरचा माणूस याला काय म्हणेल हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांसाठी तळलेला मासा आणि बॅमी, म्हणजे कसाव्याच्या कंदाची भाकरी, नेली होती. त्यांनी डब्याला हात लावला नाही. म्हणाले, "मर्टल, मी आता खरंच म्हातारा झालो." मी म्हटलं, झालात तर झालात, खाऊन म्हातारे व्हा. त्यांनी डबा तसाच बंद केला.

दुपारी आंटी सिल्वीची साक्ष होती. प्रेत ओळखलं एवढं सांगायलाच तिला बोलावलं होतं, म्हणून ती सकाळपासून बाहेर व्हरांड्यात बसून होती आणि खिशाचा घोळ तिला माहीतच नव्हता. जाडजूड बाई, पिंजऱ्यात आधी खुर्ची पुसून मग बसली. फेनविकने तिला कोट दाखवला आणि गोड आवाजात विचारलं, हे तुम्ही केलंत?

ती म्हणाली, हो मी. आई कापत नसते, आत्याच कापते.

"आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून वरून शिवलंतही?"

"शिवलं नाही. ते आधीच शिवलेलं होतं."

फेनविक पुढच्या प्रश्नाला निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला. कॉरोनर मॅडमनी पेन खाली ठेवलं. ज्युरीतला एक म्हातारा, गावचा निवृत्त मास्तर, त्याने हात वर केला. ज्युरींना तिथे प्रश्न विचारता येतो. त्याने विचारलं, सिल्वी, आधीच म्हणजे कधी?

"हॉस्पिटलच्या पिशवीतून काढला तेव्हाच, मास्तर. दोन्ही बाजूंची तोंडं बारीक टाक्यांनी बंद. मला वाटलं शवागारातल्या माणसाने केलं असेल. म्हटलं, देव भलं करो त्याचं, आजकाल कोण एवढं करतं. मग मी आपलं आतून कापून पक्कं केलं."

शवागाराचा माणूस मागच्या बाकावर बसलेला होता, आदल्या दिवशीची साक्ष देऊनही पंख्याखाली बसायला आलेला. मॅडमनी त्याला उभं केलं. तो म्हणाला, आम्ही दोघं जण, त्या आठवड्यात मुडदे एकवीस, आणि तुम्ही म्हणता मी शिवणकाम केलं? आम्ही सुईदोरा ठेवतसुद्धा नाही. लोक हसले, आणि मग सगळे कोटाकडे बघायला लागले.

साहेब हळूच उठले.  त्यांनी सिल्वीला विचारलं, हा कोट आला कुठून? ती म्हणाली, टोरांटोहून, माझ्या बहिणीने बोटीने पिंपात भरून सामान पाठवलं त्यात होता, बापाच्या अंत्यविधीसाठी. कोरा करकरीत होता, त्याच सकाळी पहिल्यांदा अंगावर घातला. पुढे कुणी काही बोलायच्या आत मास्तरांनीच ज्युरीतल्या बाकीच्यांना सांगितलं, की दुकानातल्या कोटाचे खिसे बंद शिवूनच येतात, आपण घरी उसवतो. आमच्याकडे निम्मी माणसं अजून शिंप्याकडून शिवून घेतात, सिल्वीच्या नवऱ्याने जन्मात दुकानातला कोट घातला नव्हता, तिला कुठून कळणार?

मॅडमनी कोट मागून घेतला. उजव्या खिशाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. जाईना. मग त्यांनी बेकफर्डकडे पाहिलं, बराच वेळ. बेकफर्ड छताकडे बघत होता.

तिथे दुसरा कुठला वकील असता तर बसला असता. काम झालं होतं. साहेबांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा वर केला आणि वाचली. सिल्वीला विचारलं, "खिसे शिवलेले होते, तर त्याच्या हातात काय होतं? तुला माहीत आहे?"

सिल्वीने मिस इनाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. म्हणाली, माहीत आहे.

मग ते निघालं. कपड्यांबरोबर आलेल्या हॉस्पिटलच्या यादीत शेवटी लिहिलेलं होतं, "कागद एक." ती यादी मी आणि साहेबांनी शंभरदा वाचली असेल, आम्हाला वाटलं हॉस्पिटलचाच कसला तरी कागद. तो कागद म्हणजे मास हेझेकायाच्या अंत्यविधीची पत्रिका. वर त्याचा फोटो, आत भजनं आणि मुलांची नावं. चर्चमधून निघताना ती सगळ्यांच्याच हातात असते, पुरुष ती कोटाच्या खिशात टाकतात. ग्लेनरॉयच्या कोटाला उघडा खिसाच नव्हता, म्हणून त्याने गुंडाळी करून मुठीत धरली होती. नर्सने सिल्वीला सांगितलं होतं, की मूठ उघडायला वेळ लागला. गुंडाळी सरळ राहीना म्हणून सिल्वीने ती इनाच्या बायबलात दाबून ठेवली, आणि इनाला सांगितलं की कोटाबरोबर आली.

"मुठीतून काढली हे मी सांगितलं नाही," सिल्वी म्हणाली. "तिच्या नवऱ्याला पुरून आठवडाच झाला होता. त्यात हे कशाला सांगू? मला कुणी विचारलंही नाही."

पुढच्या बाकावर मिस इनाने बायबल उघडलं. पत्रिका सहा वर्षं तिच्या मांडीवर होती, दर तारखेला. तिने ती उचलली. कडेला तपकिरी डाग होते, आणि सोडल्याबरोबर कागद पुन्हा वळायला लागला. मॅडमनी मागितली तेव्हा तिने उठून ती पुढे नेऊन दिली. मी इतकी वर्षं कोर्टात बसतेय, पण त्या दिवशी मी टिपणं घ्यायची सोडून दिली. मला दिसतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ज्युरी चाळीस मिनिटांत परत आले. ग्लेनरॉय ग्रँडिसनच्या हातात शस्त्र नव्हतं, कागद होता. गोळी घालायला कारण नव्हतं. कॉन्स्टेबल बेकफर्डवर खटला भरावा. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि वाचताना "कागद" या शब्दाशी ते अडखळले. फेनविकने लगेच आपले कागद गोळा केले. आता फाइल किंग्स्टनला जाईल, तिथे सरकार ठरवेल खटला भरायचा की नाही, आणि ते कधी ठरवतील हे देवालाही सांगता यायचं नाही.

व्हरांड्यात साहेबांनी मिस इनापुढे टोपी काढली.  म्हणाले, "मिस इना, कोट सहा वर्षं माझ्या कपाटात होता. मी पहिल्याच आठवड्यात सिल्वीला विचारायला हवं होतं. मला माफ करा."

ती म्हणाली, "सिल्वी माझ्याकडे रोज संध्याकाळी चहाला येते, वकीलसाहेब. मीही नाही विचारलं."

मग तिने बायबल पुढे केलं, पत्रिका आत ठेवायला मिळेल या समजुतीने. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हे सांगायचं काम नेहमी माझ्याकडे ढकलतात, तसं त्या दिवशीही ढकलणार होते, पण मी तोंड फिरवलं. म्हणून त्यांनाच सांगावं लागलं. पत्रिका आता पुरावा झाली होती. मॅडमनी तिच्यावर नंबर घालून ती फायलीत लावली होती. खटला होऊन संपेपर्यंत ती कोर्टाची.

मिस इना उघड्या बायबलाकडे बघत राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"त्याने ती हातातून सोडली नव्हती," ती म्हणाली. "आणि मी दिली. मी स्वतः उठून दिली."

सिल्वीने तिला धरून पायऱ्या उतरवल्या. आम्ही दोघं ऑफिसला आलो. चौथ्या पायरीवर साहेब थांबले, कठडा धरला, आणि मला वाटलं आता इथेच बसतात. बसले नाहीत. वर येऊन खुर्चीत टेकले, शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. मी कचऱ्याची टोपली पुढे सरकवली, निकाल लागला की ती फाडायची रीत म्हणून. त्यांनी ती फाडली नाही. पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "पत्रिका परत मिळावी म्हणून अर्ज." मग घडी घालून पुन्हा खिशात ठेवली.

मी विचारलं, रविवारी टोरांटोला काय सांगणार? म्हणाले, एवढं एक उरकलं की येतो म्हणून. मी टाइपरायटरला कागद लावला.